जमिनीखालची टाकी: सोलापुरात हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

सकाळी सहाला, पंपावर दुचाकींची रांग लागायच्या आत, मॅनेजर फिल पाइपचं, म्हणजे टाकीत माल भरायच्या पाइपचं, कुलूप काढतो. डिप रॉडच्या, म्हणजे माप कोरलेल्या दांडीच्या, टोकाला बोटभर पेस्ट चोपडतो, रॉड हळूच खाली सोडतो, तळाला टेकल्याचं हाताला कळलं की सरळ वर ओढतो. पेस्टचा रंग पालटला तर खाली पाणी आहे. नाही पालटला, तर ओल्या खुणेचा आकडा वहीत लिहून तो चहाला जातो. दोन मिनिटांचं काम. वीस हजार लिटर ज्वालाग्राही द्रव पोटात घेऊन बसलेल्या टाकीकडे दिवसभरात कुणी एवढंच बघतं. बाकी वेळ तिच्यावरून गाड्या जात असतात.

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पंपाचं वाटपपत्र नुकतंच हातात पडलेले. पंपावर किंवा साखर कारखान्याच्या डिझेल पंपावर मॅनेजर म्हणून रुजू झालेले. आणि अक्कलकोट रोडला किंवा चिंचोळीला जुनं डाय हाऊस (कापड-सूत रंगवायचा कारखाना) विकत घेतलं आणि आवारात एक गंजकं झाकण सापडलं, असे. तिसऱ्यांची संख्या वाटते त्यापेक्षा जास्त आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचा गोंधळ कमी होईल. अमेरिकेत भूमिगत टाक्यांसाठी वेगळा कायदाच आहे. १९८४ साली तिथल्या संसदेने तो केला, १९८८ मध्ये नियम आले, आणि जुन्या टाक्या गंजरोधक करायला किंवा बंद करायला २२ डिसेंबर १९९८ पर्यंत मुदत दिली. टाकी आणि तिचे पाइप मिळून निदान दहा टक्के घनफळ जमिनीखाली असलं की ती भूमिगत टाकी, इतकी सुटसुटीत व्याख्या. आपल्याकडे असा एक कायदा नाही. पेट्रोलियमचा कायदा वेगळा, घातक रसायनांचे नियम वेगळे, घातक कचऱ्याचे वेगळे, अग्निशमनाचा वेगळा. टाकी एकच, पण तिच्यासाठी पाच ऑफिसांत फाइल लागते. म्हणून कुठल्या दारात आधी जायचं हे ज्याला कळलं, त्याचे सहा महिने वाचतात.

पहिली पायरी: आत काय आहे ते ठरवा

"डिझेल आहे", "केमिकल आहे" एवढ्यावर भागत नाही. पेट्रोलियम कायदा, १९३४, द्रवाचे वर्ग पाडतो ते त्याच्या ज्वलनबिंदूवरून, म्हणजे किती तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते त्यावरून. २३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर वर्ग 'अ', त्यात पेट्रोल. २३ ते ६५ च्या आत वर्ग 'ब', त्यात डिझेल आणि रॉकेल. ६५ ते ९३ च्या आत वर्ग 'क', त्यात फर्नेस ऑइल वगैरे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ ला जातो, हे डोक्यात ठेवून हे आकडे पुन्हा वाचा. वर्ग 'अ' चा द्रव तर डिसेंबरच्या दुपारीही पेटायला तयारच असतो.

लायसन्स कधी लागत नाही, तेही याच वर्गांवर ठरतं. विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत. वर्ग 'ब' एका जागी २,५०० लिटरपर्यंत, पण कुठलंही एक भांडं हजार लिटरच्या वर नको. बाजारात जनरेटरच्या डिझेल टाक्या ९९० लिटरच्या का मिळतात, याचं उत्तर इथे आहे. वर्ग 'क' ४५,००० लिटरपर्यंत, अर्थात साठवणीचे नियम पाळून. दोन हजार लिटर डिझेलची एकच टाकी जमिनीत पुरून "अडीच हजाराच्या आत आहे" म्हणणारे मला दोनदा भेटले आहेत. त्यांनी नियमाचं पहिलं अर्धं वाक्य वाचलं होतं.

आणखी एक चूक नवखे हमखास करतात. पेट्रोलियम म्हणजे फक्त इंधन असं त्यांना वाटतं. कायद्याच्या व्याख्येत कुठलाही द्रव हायड्रोकार्बन आणि तो मिसळलेलं ज्वालाग्राही मिश्रण येतं. टोल्यूइन, हेक्झेन, कित्येक थिनर त्यात बसतात. छपाईच्या किंवा कोटिंगच्या कामासाठी असा सॉल्व्हंट साठवत असाल तर तुम्हीही याच रांगेत आहात.

डाय हाऊसवाल्यांसाठी: कॉस्टिक, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), पेरॉक्साइड, ॲसिड यांतलं काहीही जमिनीखाली पुरू नका. जमिनीवर, बंधारा घातलेल्या फरशीवर, एकमेकांपासून लांब ठेवा. हायपो आणि ॲसिड एका गटारात भेटले की क्लोरीन निघतो, आणि गटारं नेहमी एकाच ठिकाणी भेटतात. या रसायनांसाठी १९८९ चे घातक रसायन नियम आहेत. त्यातल्या साठ्याच्या मर्यादा मोठ्या आहेत, लहान प्रोसेस हाऊस सहसा तिथवर पोचत नाही; पण प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात साठ्याची नोंद हवीच.

दुसरी पायरी: कुणाचं दार

पेट्रोलियम साठ्याचं लायसन्स देते पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी केंद्राची संस्था. मुख्यालय नागपूरला, संस्था १८९८ सालची, अर्ज आता ऑनलाइन. पंपाला लागतं ते नमुना चौदामधलं लायसन्स. स्वतःच्या वाहनांसाठी डिझेल पंप टाकणाऱ्या कारखान्यांनाही हीच वाट आहे.

पेसोकडे जाण्याआधी जिल्हा प्राधिकाऱ्याचा नाहरकत दाखला लागतो, आणि सोलापुरात लोक इथेच अडखळतात. नियमांत जिल्हा प्राधिकारी म्हणजे सरसकट कलेक्टर नव्हे. जिथे पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्त किंवा उपायुक्त. बाकी ठिकाणी जिल्हा दंडाधिकारी. सोलापूर शहराला आयुक्तालय आहे. म्हणून अक्कलकोट रोड एमआयडीसीतली जागा असेल तर अर्ज पोलीस आयुक्तांकडे. चिंचोळी एमआयडीसी मोहोळ तालुक्यात, म्हणून तिथला अर्ज कलेक्टर कचेरीत. हद्दीवरची जागा असेल तर आधी कुठलं पोलीस ठाणं लागतं ते विचारा, मगच अर्ज टाइप करा. चुकीच्या टेबलावर फाइल पडली तर ती कुणी फेकत नाही, परतही करत नाही. ती नुसती पडून राहते.

दाखल्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे अभिप्राय मागवले जातात. महसूल, पोलीस, अग्निशमन, रस्त्याचं खातं, ग्रामपंचायत किंवा महापालिका. पुणे-हैदराबाद किंवा विजयपूरकडच्या राष्ट्रीय महामार्गाला लागून जागा असेल तर गाड्या आत-बाहेर करण्याची परवानगी वेगळी, आणि वेळ बहुतेक तिथेच जातो. जमीन अकृषिक झालेली हवी. सातबारावर इतर हक्कांत कुणा चुलत्याचं नाव लटकत असेल तर ते आधी निस्तरा.

लायसन्सची मुदत संपते ती ३१ डिसेंबरला, तुमची तारीख कुठलीही असो. नूतनीकरणाचा विचार दिवाळी झाली की सुरू करा, कारण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात राज्यभरातले सगळे एकदमच जागे होतात. अग्निशमनाचं 'नमुना ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घ्यायचं असतं. जुलैचं विसरतं, जानेवारीचं विसरत नाही. का ते मला अजून कळलेलं नाही.

तिसरी पायरी: जागा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची ७ जानेवारी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं नव्या पंपांना लागू आहेत. शाळा, दहा किंवा जास्त खाटांचं रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर अंतर हवं. अंतर मोजायचं ते फिल पॉइंट (टँकरचा माल जिथून भरतात ती जागा), व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप) किंवा नोझलचं यंत्र यांतलं जे जवळ असेल तिथून. कुंपणापासून मोजून आलेला नकाशा परत येतो. जागेची अगदीच अडचण असेल तर पेसो सांगेल ती जादा सुरक्षा करून ३० मीटरपर्यंत येता येतं, त्याच्या आत नाही.

याखेरीज कुठल्याही अर्जात नसलेली एक गोष्ट स्वतःहून करा. शे-दोनशे मीटरच्या टापूतल्या विहिरी आणि बोअर मोजा, मालकाचं नाव, खोली आणि पाण्याची पातळी लिहून ठेवा, शक्य असेल तर पाण्याचा एक नमुना तपासून अहवाल फाइलला लावा. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाषाणात पाणी साचतं आणि वाहतं ते भेगांतून. गळलेलं इंधनही त्याच भेगा धरतं. त्यामुळे टाकीलगतची विहीर कोरी राहून तीन शेतं पलीकडच्या विहिरीला वास येऊ शकतो. सुरुवातीचा नमुना नसेल तर मग "हा वास आधीपासूनच होता" हे तुम्हीही सिद्ध करू शकत नाही आणि शेतकरीही नाही.

चौथी पायरी: खड्डा

टाकी बनवायचं आणि बसवायचं भारतीय मानक आयएस १०९८७. ते ठेकेदाराला माहीत असतं. त्याला माहीत नसते किंवा तो विसरतो ती सोलापूरची माती.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडून आकसते. अशी माती टाकीभोवती परत भरली तर टाकीवर आणि पाइपच्या सांध्यांवर वर्षातून दोनदा ताण येतो. शिवाय ती ओल धरून ठेवते आणि उघड्या पोलादाला लवकर खाते. म्हणून टाकीच्या खाली, बाजूंनी आणि वर धुतलेली, खडे नसलेली वाळू. खड्ड्यातून निघालेली माती ट्रॅक्टरने आवाराबाहेर गेलेली स्वतः बघा. टाकीचं बाहेरचं लेपन उतरवताना साखळीने खरवडलं तर तिथूनच गंज सुरू होतो. टाकी खाली जाण्याआधी लेपन पुरं तपासा आणि खरवडलेल्या प्रत्येक जागी पुन्हा लेप द्या. मॅग्नेशियमचे ॲनोड लावले असतील तर टाकीऐवजी ते झिजतात. पण जोडलेली वायर तुटली तर ते नुसतेच मातीत पुरलेले ठोकळे.

आता एक फजिती. एका जागेवर वीस हजार लिटरची टाकी खड्ड्यात बसवून झाली, वरचं काँक्रीट "चार दिवसांनी" ठरलं. महिना सप्टेंबर. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात जास्त पाऊस याच महिन्यात पडतो, पण ठेकेदार कोकणातला. त्याच्या हिशोबात पावसाळा उतरणीला लागला होता. रात्री धो-धो कोसळला. मुरमात खणलेला खड्डा म्हणजे हौदच, पाणी मुरायला जागा नाही. सकाळी टाकी वर आली होती, एका बाजूला कलंडून, पाइप वाकवून. हिशोब सोपा आहे. वीस हजार लिटरची टाकी पूर्ण बुडाली तर वीस टन पाणी बाजूला सारते, आणि तिचं स्वतःचं वजन जेमतेम दोन-तीन टन. पट्टे आवळल्याशिवाय आणि पोटात पाणी भरल्याशिवाय टाकी एक रात्रही खड्ड्यात ठेवायची नाही. सीना-भीमेच्या काठच्या गावांत तर हे काम मार्च-एप्रिलमध्येच उरका. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

व्हेंट पाइपचं तोंड जमिनीपासून निदान चार मीटर उंच हवं आणि त्यावर बारीक जाळी हवी. जाळीत गांधीलमाशा घर करतात. हसू नका, व्हेंट बुजला की टँकर खाली होताना टाकी श्वास घेऊ शकत नाही.

माती टाकण्यापूर्वी फोटो काढा: टाकीचा नंबर, सांधे, पट्टे, पाइपचा मार्ग. दाब-चाचणीचं प्रमाणपत्र आणि हे फोटो एकाच फाइलमध्ये.

पाचवी पायरी: रोजचा हिशोब

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. टाकीला दुसरा डोळा नाही. स्वयंचलित मापक बसवलेलं असलं तरी डिप बंद करू नका. मापक बिघडलं आहे हे डिपमुळेच कळतं.

उदाहरण घेऊ. सकाळचा साठा ९,८४० लिटर. पाकणीच्या डेपोतून आलेला टँकर १२,००० लिटर. मीटरप्रमाणे विक्री ६,३१०. म्हणजे शिल्लक हवी १५,५३०. डिप चार्ट, म्हणजे डिपच्या आकड्यावरून लिटर सांगणारा तक्ता, म्हणतो १५,४७०. साठ लिटर कमी. गळती?

घाई नको. दोन मीटर व्यासाच्या, साडेसहा मीटरच्या आत-बाहेर लांबीच्या टाकीत द्रव मध्यावर असताना डिपचा एक मिलिमीटर म्हणजे तेरा लिटर. रॉड तिरका गेला, खूण वाचताना पाच मिलिमीटर चुकले, तर साठ-पासष्ट लिटर तिथेच गेले. दुसरं कारण ऊन. पेट्रोल एका अंशाला हजारी सव्वाच्या आसपास फुगतं-आकसतं. मे महिन्यात पाकणीहून तापून आलेलं १२,००० लिटर पेट्रोल जमिनीखाली पाच अंशांनी निवलं तर सत्तरएक लिटर आकसतं. कुणी चोरलं नाही, कुठे गळलं नाही. म्हणूनच घनता मोजताना तापमान लिहितात आणि ती हिशोबाने १५ अंशांवर आणून टँकरसोबतच्या चलनाशी ताडतात. टँकर खाली करण्याआधी ही घनता जुळवायची, नंतर नाही.

मग खरी गळती ओळखायची कशी? एका दिवसाच्या फरकावरून नाही, ओळीने लागणाऱ्या फरकांवरून. चुका दोन्ही बाजूंना जातात. आज उणे चाळीस, उद्या अधिक तीस. गळती एकाच बाजूला जाते. रोज उणे, टँकर आला तरी उणे, विक्री कमी झाली तरी तेवढंच उणे. वहीत फरकाच्या रकान्याशेजारी चालू बेरजेचा एक रकाना वाढवा. महिनाभर ही बेरीज शून्याच्या अवतीभवती घुटमळत असेल तर ठीक. जिन्यासारखी खाली उतरत असेल तर उठा.

उठून काय करायचं: आधी पाच लिटरच्या मापाने प्रत्येक नोझल तपासा, कारण नोझल जादा देत असेल तरी वहीत उणेच दिसतं. नोझल बरोबर निघाले तर रात्री विक्री बंद असताना चार-पाच तासांच्या अंतराने दोन डिप घ्या, एकाच माणसाने, एकाच रॉडने. बंद टाकीतली पातळी उतरली तर संशय टाकीवर. बंद असताना स्थिर आणि चालू झाल्यावर उणे, तर पाइपलाइन बघा. टाकीत बुडवलेल्या मोटरीने ढकलणारी लाइन दाबाखाली असते, तिला भोक पडलं तर गळती जोरात होते. यंत्राने ओढून घेणारी जुनी लाइन फुटली तर ती हवा ओढते. नोझल थबकत चालतो, आणि पोरं "मशीनचा प्रॉब्लेम आहे" म्हणून मेकॅनिकला फोन करतात.

बारीक गळतीलाही हसू नका. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर, वर्षाला दीड हजाराच्या वर. रोजच्या डिपमध्ये सव्वाचार लिटर दिसणारच नाहीत. दिसतील ते चालू बेरजेत.

आणि रोज *अधिक* येत असेल तर खूश होऊ नका. एक तर नोझल कमी देतो आहे, म्हणजे वैधमापनवाले येतील. नाही तर टाकीत पाणी येतं आहे.

सहावी पायरी: पाणी

आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच राज्यातल्या उसाचं. इथेनॉलला पाण्याची ओढ भारी. पूर्वी टाकीत पाणी शिरलं की ते सरळ तळाला बसायचं आणि पेस्ट रंग दाखवायची. आता थोडं पाणी इथेनॉल गुपचूप पिऊन टाकतं, पेस्ट कोरी येते. मर्यादा ओलांडली, किंवा डिसेंबरातल्या एखाद्या रात्री गारठा वाढला, की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला एकदम काही सेंटिमीटरचा थर येतो. सकाळी पहिल्या वीस गाड्या पंपाबाहेरच बंद पडतात. इथेनॉलसाठीची वेगळी पेस्ट मिळते, तीच वापरा. पावसाळ्यात डिप दिवसातून दोनदा.

पाणी येतं कुठून? बहुतेक वेळा मॅनहोलच्या झाकणाखालून. झाकणाचं रबर वाळून तडकतं, एप्रिलमध्येच बदला. पाऊस पडून गेल्यावर झाकण उघडून चेंबरमध्ये पाणी तुंबलंय का बघा आणि असेल तर उपसा, फिल पाइपचं टोपण काढण्याआधी. हा क्रम उलटा केलेला मी पाहिला आहे.

टँकर खाली करताना: आधी अर्थिंग, मग होज. गाडी दहा-पंधरा मिनिटं शांत उभी राहू द्या. टाकीत तेवढी जागा आहे का हे डिप घेऊनच ठरवा; "बसेल की" यावर काँक्रीटवर पसरलेलं डिझेल मी पाहिलं आहे. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला नको.

सातवी पायरी: गळती झालीच तर

त्या टाकीची विक्री बंद, वीज मुख्य स्विचवरून बंद, आवार रिकामं. अग्निशमन दलाला आणि तेल कंपनीला कळवा, मग पेसो, जिल्हा प्राधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सोलापूरचं कार्यालय. स्फोट किंवा आग लागून कुणी दगावलं वा गंभीर जखमी झालं तर पोलीस ठाण्याला आणि मुख्य विस्फोटक नियंत्रकांना (पेसोचे प्रमुख) कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. उरलेला माल दुसऱ्या टाकीत किंवा टँकरमध्ये काढा. सांडलेलं वाळूने टिपा. पाणी मारून गटारात ढकललं तर आग शेजारच्या गल्लीत पाठवल्यासारखं होतं.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड. ती उतरत जाते आणि तळघर, गटार, विहीर धरते. हवेत तिचं प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असलं की ठिणगी पुरते. म्हणून कुणी "विहिरीला वास येतोय" म्हणाला तर पहिलं वाक्य हे: *दादा, मोटर चालू करू नका*. पाणी उपसून बघू, हा सगळ्यांच्या मनात येणारा पहिला विचार, आणि सगळ्यात धोक्याचाही. डोकावून बघण्यासाठी काडी पेटवणारे अजून आहेत.

दूषित जागांसाठी २०२५ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियम आणले आहेत. प्रदूषण ज्याने केलं त्याने जागा साफ करायचा खर्च द्यायचा, असा त्यांचा रोख. तुमची पहिल्या दिवसापासूनची वही इथे उपयोगी पडते.

आठवी पायरी: टाकीत माणूस उतरवणं

शक्यतो उतरवूच नका. साफसफाई बाहेरून करणारी यंत्रं आहेत. उतरवावंच लागलं तर सक्षम व्यक्तीने वायूमुक्त असल्याचं लेखी प्रमाणपत्र दिल्याशिवाय नाही. ऑक्सिजन मोजून, ज्वलनशील वायू मोजून, ब्लोअर चालू ठेवून, कमरेला दोर बांधून, वर एक माणूस फक्त बघायला. त्या वरच्या माणसाला एकच सूचना: आतला कोसळला तर तू उडी मारायची नाहीस, दोर ओढायचा. एका टाकीत तिघे जातात ते असेच, एकामागून एक वाचवायला उतरून.

डाय हाऊसच्या सांडपाण्याच्या भूमिगत टाकीलाही हेच लागू, किंबहुना जास्त. सल्फर रंगांसाठीच्या सोडियम सल्फाइडच्या पाण्यात ॲसिडचं पाणी मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून उतरलेला माणूस वर येत नाही.

निघालेला गाळ घातक कचरा आहे. नव्वद दिवसांच्या वर आवारात ठेवता येत नाही, अधिकृत केंद्रालाच द्यायचा, मॅनिफेस्टच्या (कचरा कुठून कुठे गेला त्या पत्रकाच्या) प्रती जपायच्या, वार्षिक विवरण ३० जूनच्या आत. शेताच्या बांधावर ओतायला "फुकट नेतो" म्हणणारे ट्रॅक्टरवाले भेटतील. कागद मागितला की जातात.

नववी पायरी: जुनी टाकी

एका विकत घेतलेल्या डाय हाऊसमध्ये ईटीपीसाठी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पासाठी, खड्डा खणायचा होता. जेसीबीचा दात लागला आणि चालवणारा थांबला. "मालक, इथं पोकळ वाजतंय." बॉयलर फर्नेस ऑइलवर चालायचा त्या काळातली टाकी, पुढे बॉयलर लाकडावर गेला, कारखाना दोनदा विकला गेला, टाकीबद्दल कुणी कुणाला सांगितलं नाही. मालकाने भंगारवाल्याला बोलावलं. तो गॅस कटर घेऊनच आला. नशिबाने त्या दिवशी सिलिंडर रिकामा निघाला.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. द्रव पेटत नाही, वाफ पेटते, आणि रिकाम्या टाकीत सगळी वाफच असते. दहा वर्षं बंद असलेल्या टाकीच्या गंजात अडकलेलं तेल कटरच्या उष्णतेने पुन्हा वाफ होतं. तेव्हा क्रम असा: उरलेला माल आणि गाळ काढा, पाइप तोडून तोंडं बंद करा, वायूमुक्त करून प्रमाणपत्र घ्या, मगच टाकी बाहेर काढा, कापायची तर थंड पद्धतीने, म्हणजे ज्वाला न वापरता. पाया किंवा भिंत जवळ असल्याने काढता येत नसेल तर परवानगी घेऊन वाळूने किंवा पातळ काँक्रीटने ठासून भरा, वर पोकळी राहता कामा नये. टाकीखालच्या मातीचा नमुना तपासा. लायसन्स असेल तर पेसोकडे रद्द करून घ्या, नाहीतर नव्या अर्जाच्या वेळी जुना नंबर आडवा येतो.

त्या डाय हाऊसमध्ये आम्ही टाकी जागेवरच भरली. बॉयलर खोलीच्या दोन कोपऱ्यांपासून टेप लावून अंतर घेतलं, अकरा फूट चार इंच आणि एकोणीस फूट, आणि आवाराच्या नकाशावर लाल पेनने चौकोन काढला. एक प्रत खरेदीखताच्या फाइलमध्ये लावली, दुसरी लॅमिनेट करून बॉयलर खोलीच्या दारामागे खिळ्याने ठोकली.